प्रशिक्षकाच्या नावाने मांडलेली पंगत

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा मोसम जानेवारीत संपतो. अंतिम सामन्याचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात एका रात्रीच्या भोजनसमारंभाची तयारी सुरू होते. गोल टेबले, पांढऱ्या चादरी, समोर व्यासपीठ, आणि पाहुण्यांमध्ये उद्योजक, डॉक्टर, माजी खेळाडू व त्यांच्या पत्नी असा संमिश्र जमाव. या मेजवानीत त्या वर्षीच्या सर्वोत्तम महाविद्यालयीन प्रशिक्षकाला पुरस्कार मिळतो. त्याशिवाय एका ज्येष्ठ प्रशिक्षकाचा त्याच्या साऱ्या कारकिर्दीबद्दल जीवनगौरव होतो. सत्कार फुटबॉलच्या गुरुजनांचा असला, तरी यजमान मात्र अमेरिकन हार्ट असोसिएशन, म्हणजे हृदयविकाराविरुद्ध काम करणारी संस्था असते. ताटाला जी किंमत मोजली जाते तीतून जेवणाचा व समारंभाचा खर्च वजा जाता उरणारा पैसा हृद्रोगाच्या संशोधनाकडे आणि प्रतिबंधाकडे वळतो.

खेळाचा मास्तर आणि हृदयविकार यांची ही सांगड परक्या माणसाला चमत्कारिक वाटते. नोकरी-शिक्षणानिमित्त तिकडे गेलेल्या मराठी मंडळींनाही पहिल्या एक-दोन वर्षांत हा प्रश्न पडतोच, की एका कॉलेजच्या कोचसाठी एवढा थाट कशाला? उत्तर शोधायचे तर ज्यांच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो त्या पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांच्यापर्यंत मागे जावे लागते.

त्याआधी खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा उपयोग चेंडू लाथाडण्यासाठी क्वचितच होतो. अकरा-अकरा जणांचे दोन संघ, शंभर यार्डांचे मैदान आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न, असा हा भूमी जिंकण्याचा खेळ आहे. त्याचा जन्मच मुळी महाविद्यालयांत झाला. रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन संस्थांमधला ६ नोव्हेंबर १८६९ चा सामना हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो. व्यावसायिक फुटबॉल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. त्यामुळे ज्या राज्यांत व्यावसायिक संघ नाही, तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. अलाबामा हे असेच एक राज्य. टस्कलूसा हे तिथले विद्यापीठाचे गाव. तेथील स्टेडियममध्ये एक लाख माणसे बसतात. शनिवारी सामना असला की हे छोटेसे शहर एकाएकी राज्यातील मोठ्या शहरांपैकी एक होऊन जाते. त्या स्टेडियमला ब्रायंट यांचे नाव १९७५ सालीच जोडले गेले, म्हणजे ते हयात असताना, आणि त्याच मैदानावर शिकवीत असताना. जिवंत माणसाच्या नावाच्या वास्तूत त्यानेच रोज कामाला जायचे, हा योग राजकारण्यांनाही सहसा लाभत नाही.

ब्रायंट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९१३ रोजी अर्कान्सा राज्यातील एका खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. बारा भावंडांपैकी ते अकरावे. तेराव्या वर्षी फॉर्डाइस गावात आलेल्या एका खेळवाल्याच्या अस्वलाशी कुस्ती खेळायला हा पोरगा तयार झाला आणि ‘बेअर’ हे नाव जन्मभर चिकटले. अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना १९३५ मध्ये टेनेसीविरुद्धचा सामना त्यांनी पायाचे हाड मोडलेले असताना पुरा केला होता. पुढे मेरिलँड, केंटकी आणि टेक्सास ए अँड एम अशी वळणे घेत १९५८ साली ते आपल्या मातृसंस्थेत प्रशिक्षक म्हणून परतले. आई हाक मारते तेव्हा जावेच लागते, अशा आशयाचे त्यांचे उत्तर अलाबामात आजही सांगितले जाते. पुढील २५ मोसमांत त्यांनी तिथे सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. चारही विद्यापीठांतील मिळून त्यांच्या नावावर ३२३ विजय, ८५ पराभव आणि १७ बरोबरीचे सामने आहेत. अमोस अलोन्झो स्टॅग या जुन्या पिढीतील प्रशिक्षकाचा ३१४ विजयांचा विक्रम त्यांनी २८ नोव्हेंबर १९८१ रोजी ऑबर्नला हरवून मोडला.

प्रशिक्षकाचे माहात्म्य अमेरिकेत एवढे का, याचेही उत्तर या आकड्यांतच दडलेले आहे. महाविद्यालयीन खेळाडू चार वर्षांत येतो आणि जातो, विद्यापीठाचे अध्यक्ष बदलतात, राज्याचे गव्हर्नरही बदलतात. प्रशिक्षक मात्र वीस-पंचवीस वर्षे राहू शकतो. संघाची ओळख, शिस्त, परंपरा या साऱ्याचा तोच एक सलग धागा असतो. खेड्यापाड्यांतील मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांच्या स्वयंपाकघरात बसून ‘तुमचा मुलगा माझ्या स्वाधीन करा’ म्हणणारा माणूसही तोच. त्यामुळे निवृत्त प्रशिक्षकाच्या सत्काराला पन्नाशी-साठी ओलांडलेले, टक्कल पडलेले, गुडघे धरून चालणारे माजी खेळाडू जमतात आणि डोळे पुसतात. यातला सगळाच भाग दिखाऊ नसतो.

आता हृदयविकाराकडे वळू. आयुष्यभर सिगारेटी ओढणारे आणि मद्याचेही वावडे नसलेले ब्रायंट यांनी १५ डिसेंबर १९८२ रोजी निवृत्ती जाहीर केली. त्यांचा अखेरचा सामना २९ डिसेंबरला मेम्फिस येथे इलिनॉयविरुद्ध झाला आणि त्यांच्या संघाने तो २१-१५ असा जिंकला. काम थांबले तर आपण आठवडाभरात मरू, असे ते पूर्वी थट्टेने म्हणत असत. प्रत्यक्षात मिळाले चार आठवडे. छातीत दुखू लागल्याने ते टस्कलूसाच्या रुग्णालयात दाखल झाले आणि दुसऱ्याच दिवशी, २६ जानेवारी १९८३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. वय ६९. टस्कलूसाहून बर्मिंगहॅमच्या दफनभूमीकडे निघालेल्या अंत्ययात्रेसाठी महामार्गाच्या दोन्ही कडांना आणि पुलांवर माणसे उभी होती. पुढच्याच महिन्यात अध्यक्ष रेगन यांनी त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक जाहीर केले.

क्रीडापत्रकारांच्या संघटनेकडून वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाला १९५७ पासून पुरस्कार दिला जात होता. १९८६ पासून तो ब्रायंट यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि हार्ट असोसिएशनशी त्याची गाठ पडली. २००० पासून त्यात जीवनगौरवाचीही भर पडली. ही संस्था १९२४ साली स्थापन झालेली, आणि अमेरिकेत साधारण दर पाच मृत्यूंपैकी एक हृद्रोगाने होतो. त्यातही तिची खरी अडचण अशी, की मध्यमवयीन, खात्यापित्या घरचा पुरुष डॉक्टरचे ऐकत नाही. कोचचे मात्र ऐकतो. ज्या नावापुढे त्याची मान आपोआप झुकते त्याच नावाचा माणूस या रोगाने गेला, हे त्याला जेवणाच्या टेबलावर सांगण्याइतका परिणामकारक उपदेश दुसरा नसावा. (जेवणाच्या टेबलावर त्या रात्री काय वाढलेले असते, हा वेगळा विषय.)

या मेजवान्यांचे अर्थकारण आपल्या वाचकांनी समजून घेण्याजोगे आहे. आपल्याकडे सत्कारमूर्तीला थैली अर्पण करण्याची रीत आहे, आणि तो बहुधा ती थैली एखाद्या संस्थेला देऊन टाकतो. अमेरिकेत हा मधला टप्पाच गाळलेला आहे. सत्कारमूर्ती केवळ निमित्त आणि पैसा थेट संस्थेचा. एकेक खुर्ची सुटी विकण्यापेक्षा दहा-दहा जणांचे अख्खे टेबल विकण्याकडे कल असतो. टेबले घेतात कंपन्या, बँका, रुग्णालये, वकिलांच्या पेढ्या. व्यासपीठाजवळचे टेबल महाग, दाराजवळचे स्वस्त. मानाच्या टेबलावर एखादा नामवंत प्रशिक्षक पाहुणा म्हणून बसविलेला असेल, तर किंमत आणखी चढते. भोजनापूर्वी दालनाबाहेर मूक लिलाव चालतो. स्वाक्षरी केलेली शिरस्त्राणे, चेंडू, सामन्यांची तिकिटे मांडून ठेवलेली असतात आणि समोरच्या कागदावर, अलीकडे मोबाइलवर, लोक आपापली बोली लिहितात. शेजाऱ्याने आपल्यापेक्षा पन्नास डॉलर अधिक लिहिले की माणसाला राहवत नाही, हा मनुष्यस्वभाव तिथेही कामी येतो. भोजनाच्या मध्यावर एखादा रुग्ण किंवा त्याची आई दोन शब्द बोलते, आणि लगेच सभागृहात थेट देणगीसाठी हात वर करायला सांगितले जाते. दिवे कधी मंद करायचे, कोणाला कोणत्या क्रमाने बोलवायचे, हे सारे आधी ठरलेले असते.

यामागे आयकराचे गणितही आहे. धर्मादाय संस्थेच्या अशा मेजवानीचे तिकीट समजा ५०० डॉलरचे आहे आणि जेवणाची बाजारभावाने किंमत १०० डॉलर आहे, तर कराच्या हिशेबात देणगी धरली जाते ती फक्त ४०० डॉलरची. जेवलेल्या अन्नावर सवलत नाही. ७५ डॉलरपेक्षा अधिक रकमेच्या अशा व्यवहारात संस्थेने ही फोड देणगीदाराला लेखी कळविली पाहिजे, असा नियम आहे. शिवाय संस्थेला दरवर्षी सरकारकडे जे विवरणपत्र सादर करावे लागते ते कोणालाही पाहता येते, आणि मोठ्या समारंभांत किती जमले व किती खर्ची पडले याची नोंद त्यात असते. चोखंदळ देणगीदार ती नोंद आधी पाहतो. कारण वाजंत्री, फुले, दालनाचे भाडे यांतच निम्मे पैसे गेले असे प्रकार काही थोडे नाहीत.

२०१७ च्या करकायद्याने प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट झाली. त्यामुळे देणग्यांचा तपशील मांडून सवलत घेण्याचे प्रयोजन बहुसंख्य कुटुंबांना उरले नाही. २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून अशा सामान्य करदात्यांना थोडी सवलत पुन्हा देऊ केली आहे, पण ती एका व्यक्तीला १,००० डॉलरपर्यंतच. अशा वातावरणात मोठी टेबले घेणाऱ्या धनवंतांवर आणि कंपन्यांवर संस्थांची भिस्त वाढणे स्वाभाविक आहे. त्याच २०१७ च्या कायद्याने आणखी एक गंमत संपविली. विद्यापीठाच्या क्रीडानिधीला ‘देणगी’ दिली तरच चांगल्या जागेचे मोसमी तिकीट घेता येईल, अशी अट अनेक विद्यापीठे घालीत, आणि या तथाकथित देणगीच्या ८० टक्क्यांवर करसवलतही मिळे. स्टेडियममधील खुर्ची हे दानधर्माचे कृत्य कसे, हा प्रश्न विचारायला कायदेमंडळाला सुमारे तीन दशके लागली.

सत्काराच्या भाषणांत काय सांगितले जाते याइतकेच काय वगळले जाते हेही महत्त्वाचे. ब्रायंट यांच्या चरित्रातील दोन प्रकरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

पहिले प्रकरण जंक्शनचे. १९५४ च्या उन्हाळ्यात टेक्सास ए अँड एमचा संघ हाती घेताच ब्रायंट सुमारे शंभर मुलांना बसमध्ये घालून जंक्शन नावाच्या गावी घेऊन गेले. दुष्काळ, भाजून काढणारे ऊन, खडकाळ जमीन आणि सरावाच्या वेळी पाणी नाही, कारण पाणी मागणे हे त्या काळी दुबळेपणाचे लक्षण समजले जाई. दहा दिवसांत पस्तीसच्या आसपास मुले उरली, बाकीची रातोरात निघून गेली. एक खेळाडू उष्माघाताने मरणाच्या दारातून परतला. त्या मोसमात संघाने दहापैकी नऊ सामने गमावले. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, तोच संघ एकही सामना न हरता आपल्या विभागाचा विजेता ठरला, म्हणून जंक्शनची कथा पराक्रमाची कथा झाली. निकाल उलटा लागता, किंवा त्या एका मुलाचा श्वास थांबता, तर तीच कथा फौजदारी गुन्ह्याची ठरली असती. १९७९ मध्ये उरलेल्या मंडळींचे जंक्शनला स्नेहसंमेलन भरले, तेव्हा त्यांनी प्रशिक्षकाला एक अंगठी दिली. ब्रायंट यांना निरोप देताना त्यांच्या बोटात तीच एक अंगठी होती असे सांगतात.

दुसरे प्रकरण वर्णभेदाचे. ११ जून १९६३ रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडविण्यासाठी अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभे राहिले, त्या काळात राज्यातील सर्वांत लोकप्रिय माणूस कदाचित ब्रायंट हेच होते. तरी त्यांच्या संघात पुढील कित्येक वर्षे एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९६९ मध्ये विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने त्यांच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. मेजवानीत मात्र सांगितली जाते ती १२ सप्टेंबर १९७० ची गोष्ट. त्या दिवशी बर्मिंगहॅममध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मिश्रवर्णीय संघाने अलाबामाला ४२-२१ असे लोळविले. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्डांची मजल मारली, आणि अलाबामाच्या गोऱ्या प्रेक्षकांचे डोळे उघडावेत म्हणून ब्रायंट यांनीच तो सामना घडवून आणला होता, असा त्या कथेचा शेवट असतो. कथा गोड आहे. पण विल्बर जॅक्सन या पहिल्या कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडूची निवड त्यापूर्वीच झालेली होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्यास तेव्हा नियमाने मनाई असल्यामुळे तो मैदानाबाहेर होता, एवढेच. म्हणजे बदलाच्या वाटेत एका पराभवाइतकाच न्यायालयाचा आणि विद्यार्थ्यांचाही वाटा होता. त्याच काळात लुइझियानातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात एडी रॉबिन्सन नावाचे प्रशिक्षक १९४१ पासून संघ घडवीत होते. ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम त्यांनीच ऑक्टोबर १९८५ मध्ये मागे टाकला आणि १९९७ मध्ये निवृत्त होताना ४०८ विजय नावावर केले. बाहेरच्या जगात त्यांना मान मिळाला खरा, पण उशिरा.

पैशाचा प्रश्नही टाळता येत नाही. ब्रायंट आपला पगार विद्यापीठाच्या अध्यक्षांपेक्षा एक डॉलर कमीच ठेवीत, अशी आठवण सांगितली जाते. त्यांच्याच खुर्चीत बसून सहा आणि त्याआधी लुइझियानात एक अशी सात राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविणारे निक सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा वार्षिक मोबदला १ कोटी १० लाख डॉलरच्या वर होता. खेळाडूंना मात्र २०२१ पर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास मनाई होती. त्या वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने महाविद्यालयीन क्रीडासंघटनेविरुद्ध निकाल दिला, जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेता येऊ लागला, आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. सेबन यांची दानशूरता खोटी होती असे नव्हे. २०११ च्या एप्रिलमध्ये टस्कलूसावर चक्रीवादळ आदळले, तेव्हा सेबन पती-पत्नींच्या संस्थेने बेघरांना घरे बांधून देण्यात पुढाकार घेतला. ब्रायंट यांनीही आपल्या माजी खेळाडूंच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी उभारला होता. पण ज्याला कोटी मिळतात त्याने लाख देणे, आणि ते कोटी ज्याच्या घामातून आले त्याला काहीच न मिळणे, हा ताळेबंद त्या टेबलांवर कोणी फारसा मांडीत नसे.

प्रशिक्षक आणि धर्मादाय यांच्या या जोडीला सर्वांत मोठा हादरा बसला तो पेनसिल्व्हेनियात. पेन स्टेट विद्यापीठाचे जो पॅटर्नो हे ४०९ विजयांचे मानकरी. ब्रायंट यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला त्या पहिल्याच वर्षी, १९८६ मध्ये, तो त्यांनाच मिळाला होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी स्वतः पैसे दिले आणि मिळविलेही. त्यांचे सहायक जेरी सॅन्डस्की यांनी १९७७ साली वंचित मुलांसाठी ‘द सेकंड माइल’ नावाची संस्था काढली. फुटबॉलच्या पुण्याईवर या संस्थेला उदंड देणग्या मिळाल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये बाहेर आले ते असे, की हाच माणूस वर्षानुवर्षे त्या संस्थेत येणाऱ्या मुलांपैकी काहींचे लैंगिक शोषण करीत होता. २०१२ च्या जूनमध्ये तो ४५ आरोपांत दोषी ठरला आणि पुढे त्याला ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. २००१ साली एका तरुण सहायकाने त्याच्याविषयी पॅटर्नो यांना सांगितले होते. त्यांनी ते वरिष्ठांच्या कानावर घातले, पोलिसांत मात्र ते गेले नाहीत. विद्यापीठाने त्यांना ९ नोव्हेंबर २०११ रोजी दूर केले, २२ जानेवारी २०१२ ला त्यांचे निधन झाले आणि बरोबर सहा महिन्यांनी स्टेडियमबाहेरचा त्यांचा पुतळा हलविण्यात आला. रद्द केलेले १११ विजय २०१५ मध्ये त्यांच्या नावावर परत आले. पुतळा आला नाही. संशय घ्यायचा तो कोणावर, ज्याच्या नावाने मुलांसाठी निधी जमतो त्याच्यावर? हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनाला शिवलाच नाही, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

तेव्हापासून अशा समारंभांकडे आणि संस्थांकडे पाहण्याची दृष्टी थोडी सावध झाली. मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांना स्वयंसेवकांची पार्श्वभूमी कशी तपासता, तक्रार कोणाकडे जाते, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. हार्ट असोसिएशनसारख्या मोठ्या आणि एका व्यक्तीवर न विसंबणाऱ्या संस्थेचा एक फायदा असा, की सत्कारमूर्तीचे नाव उद्या बदनाम झाले तरी काम थांबत नाही. आणि काम दिसतेही. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत व्यावसायिक सामन्यात डमार हॅम्लिन या २४ वर्षांच्या खेळाडूचे हृदय मैदानावरच थांबले. छातीवर दाब देऊन आणि विजेचा झटका देऊन त्याचे प्राण वाचविण्यात आले. ही प्राथमिक उपचारपद्धती डॉक्टरांपलीकडे सामान्य माणसांपर्यंत नेण्यासाठी ही संस्था कित्येक दशके झटते आहे. पुढे हॅम्लिन स्वतःच तिच्या प्रचारात सामील झाला.

या पुरस्काराच्या मानकऱ्यांत जीन स्टॉलिंग्ज यांचे नाव १९९२ साली आले. जंक्शनमध्ये टिकून राहिलेल्या मुलांपैकी ते एक. पुढे ते ब्रायंट यांचे सहायक झाले. १९६८ च्या कॉटन बाउल सामन्यात टेक्सास ए अँड एमचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी आपल्या गुरूच्या अलाबामाला २०-१६ असे हरविले, तेव्हा ब्रायंट यांनी मैदानात धावत येऊन या शिष्याला उचलून घेतले होते. १९९२ मध्ये स्टॉलिंग्ज अलाबामाचे प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. त्यांचा मुलगा जॉन मार्क १९६२ साली डाउन सिंड्रोम आणि हृदयातील जन्मजात दोष घेऊन जन्माला आला होता. तो फार काळ जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले होते. अशा मुलांना संस्थेत ठेवून द्यावे असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. स्टॉलिंग्ज दांपत्याने त्याला घरीच वाढविले. वडिलांबरोबर तो सरावाच्या मैदानावर जाई आणि खेळाडूंना नावानिशी ओळखे. टस्कलूसात अपंग आणि धडधाकट अशा दोन्ही लहान मुलांना एकत्र शिकविणारी ‘राइज’ नावाची शाळा आहे. तिच्या पाठीशी स्टॉलिंग्ज यांनी आपले नाव आणि ओळखी उभ्या केल्या. ज्या इमारतीत ती भरते तिलाही त्यांचेच नाव आहे. जॉन मार्क २००८ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी वारला.